इंजिनावर पालथा हात

सासरे जहाजावर, इंजिनघरात तेलवाले होते. फिरत्या यंत्राच्या सांध्यांना तेल पाजायचे आणि पालथा हात टेकवून त्यांची ऊब पाहायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. नोकरी संपवून मालवणला परतल्यावर त्या हाताला टेकायला काही उरले नव्हते. पहाटे विहिरीवरचा रहाट करकरे. तेवढेच एक यंत्र त्यांच्या वाट्याला आले होते.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात यजमानांनी मोटारसायकल घेतली. मी शिकवत होते त्या कसालच्या शाळेत मला सोडून ते पुढे कचेरीत जात. संध्याकाळी गाडी अंगणात आली, की सासरे पडवीतून उतरत, इंजिनावर पालथा हात टेकवत आणि डोळे मिटून घेत. तान्ह्याचा ताप पाहावा तसे. तापल्या लोखंडाच्या वासाने त्यांचा चेहरा सैलावे.

पहिल्यांदा तेल बदलायची वेळ आली, तेव्हा यजमानांनी गाडीसोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले पातळ तेल आणले. सासऱ्यांनी एक थेंब अंगठा नि तर्जनीत चोळला.

"ह्यां तेल की सोलकढी?"

"बाबा, पुस्तकात ह्यांच लिवलां हा."

"पुस्तक लिवणाऱ्यान कधी इंजिनार हात ठेवललो काय रे?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजारातून जाड तेलाचा डबा घेऊन आले. यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच 'असू दे' म्हटले. त्या घरात अजून आपल्याला विचारले जाते, एवढेच सासऱ्यांना हवे होते. आणि ते नाकारायला आम्हा दोघांचेही मन होईना. काकवीसारखे ते तेल अखंड धारेने, सावकाश इंजिनात उतरले.

मग थंडी आली. एका सकाळी किक मारता मारता यजमान घामेघूम झाले. चिखलात रुतल्यासारखा पाय खाली जाई आणि इंजिन नुसते उसासा टाकून गप्प होई. मी जेवणाचा डबा धरून उभी; शाळेची पहिली घंटा चुकणार हे ठरलेलेच. यजमानांची नजर एकदा पडवीतल्या जाड तेलाच्या डब्याकडे गेली आणि ते पुन्हा किक मारू लागले.

विहिरीवरचा दोर सोडून सासरे आले. त्यांनी किक हातानेच हळूहळू दाबली, कान देऊन.

"गोठलां," ते म्हणाले. जणू स्वतःशीच पुढे बोलले, "आमचां इंजिन म्हयनो म्हयनो चालूच. कधी थंड पडाचां नाय. ह्यां रोज राती निजता." मग मुलाकडे न पाहता, "सांजेक तुझी सोलकढी हाड. मीच वततंय."

संध्याकाळी यजमान पुस्तिकेतले पातळ तेल घेऊन आले; त्यांनी नरसाळे धरले आणि सासऱ्यांनी तेल ओतले. डब्यात उरलेले जाड तेल त्यांनी रहाटाला पाजले.

दुसऱ्या दिवशी पहाट करकरलीच नाही, म्हणून मला उशिरा जाग आली. बाहेर येऊन पाहते, तो घागरी भरलेल्या आणि सासरे गार इंजिनावर पालथा हात टेकवून उभे.

"निजलां हा," ते हलकेच म्हणाले. "आता झटक्यान उठतलां गो."