ओवाळणीतला ब्रेक

मी कमी बोलणारा माणूस. लोक त्याला स्वभाव म्हणतात. त्यातला बराच भाग नुसत्या लपवालपवीचा आहे, हे आता लिहूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी नांदेडात आमच्या गाडीचा ब्रेक महिनाभर किंचाळत होता. बायको विचारायची, "अहो, हा आवाज कसला?" मी म्हणायचो, "धूळ गेली असंल," आणि काच वर करायचो. मग एक दिवस अर्धापुरात केळीच्या टेम्पोमागं गाडी थांबलीच नाही. बायकोचं मनगट मोडलं. टेम्पोवाल्यानं एकदम थांबवलं, असं मी सांगितलं. जमलेल्या लोकांनी त्यालाच शिव्या घातल्या, आणि त्या बिचाऱ्यानं वर हात जोडून माफी मागितली. मी नंतर गुपचूप ब्रेकचे झिजलेले पॅड काढून नवे टाकून घेतले. बायको मात्र त्या दिवसापासून मागच्या सीटवर बसायला लागली. पुढं मी एकटाच, भाड्याच्या ड्रायव्हरासारखा.

यंदा भाऊबीजेला लातूरला गेलो. मेहुण्याचं तिथं गॅरेज आहे. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, असं कळल्यावर त्यानं बहिणीला ओवाळणीत चाकामागच्या ब्रेकच्या दोन नव्या डिस्क, म्हणजे लोखंडी चकत्या, आणि पॅडच दिले. तिला कोण आनंद! साडीलाही एवढी हसली नसती.

सकाळीच चाकं काढली. मेहुण्यानं नवी डिस्क थिनरनं पुसून आरशासारखी केली, बसवली, आणि पाना घ्यायला वळला. तेवढ्यात बायकोनं ताटातलं तेलात कालवलेलं कुंकू त्या डिस्कला ठसठशीत लावलं.

"अक्का! डिस्कला तेल? ब्रेकच लागायचा न्हाई. मारतीस का दाजीला?"

"नव्या वस्तूला कोरडं कसं सोडायचं रे?"

"मग जुनीला लाव. तिचं काय बिघडायचं न्हाई आता."

मेहुणा हसत पुन्हा पुसायला बसला. ती खरंच जुन्या डिस्ककडं गेली. बोट टेकवलं आणि थांबली. लोखंडात नांगरटीसारख्या चऱ्या पडलेल्या.

"हे असं कशानं झालं?"

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं. धूळ म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तिचं बोट त्या चरीत होतं, मनगट मोडलेल्या त्याच हाताचं.

"तेव्हा पॅड झिजून संपले होते, लोखंडावर लोखंड घासत होतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं. टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती."

तिनं चरीतून हात मागं घेतला. बोट पदराला पुसलं. काम होईपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, आता गाडी चालवून नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यायचे. साठच्या वेगावरून वीसपर्यंत हलकेच ब्रेक दाबत आणायचं, पूर्ण थांबायचं न्हाई. धा वेळा. मग ब्रेक न दाबता फिरवून थंड करायचं."

मी गाडीत बसलो. पुढचं दार उघडून ती शेजारी येऊन बसली.

"तुमचा पाय बघायला बसले," ती म्हणाली. "माया आली म्हणून न्हाई."

नांदेड रस्त्यावर साठ, वीस, साठ, वीस; दर वेळी गाडीचं नाक खाली वाकायचं. मोजायला तीच. सहाव्या वेळी मागून एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि ओरडला, "काका, गाडी चालवायलात का नमस्कार घालायलात?"

ती अशी हसायला लागली, की सहावी वेळ की सातवी हेच विसरली. म्हणून आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. पंधरा-सोळा नमस्कार झाले असतील. ब्रेक असा लागला की वाटलं गाडीनं ऐकायला सुरुवात केली.

"आता अर्धापूर," ती म्हणाली. "त्या टेम्पोवाल्याला तुमच्या तोंडानं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी गेलो. तो केळी भरतानाच सापडला. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आमच्या गाडीकडं आणि मग आपल्या टेम्पोच्या मागच्या बाजूकडं पाहिलं.

"एवढंच व्हय? मला वाटलं, परत ठोकायलाच आलात."

आणि केळीची एक फणी बायकोच्या हातात दिली. परतताना ती पुढंच बसली होती. एक केळं सोलून तिनं माझ्यासमोर धरलं, आणि म्हणाली, "रस्त्याकडं बघा."

मी बघत होतो.