चष्म्यातल्या कोर्टात पडदा होता

पीडित बायकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी मला फसवलं.

माझ्यावर बलात्कार करणाऱ्याविरुद्ध मला साक्ष द्यायची होती. सरावासाठी मॅडमनी माझ्या डोळ्यांवर कॉम्प्युटरची चित्रं दाखवणारा जाड चष्मा चढवला. आत हुबेहूब कोर्ट दिसलं. आरोपी पडद्यामागे होता. आष्टीच्या बाजारात मी दात बघितल्याशिवाय शेळी घेत नाही, म्हणून विचारलं, "खऱ्या कोर्टात पडदा राहील ना?"

"नक्की राहील, ताई," मॅडम म्हणाल्या.

साक्षीच्या दिवशी पडदा नव्हता. आरोपी माझ्यापासून चार हातांवर उभा होता. एरवी मी रुपयासाठी भांडते. तिथं विचारलं तेवढंच सांगितलं. माझा आवाज दुसऱ्याच बाईचा वाटत होता.

बाहेर मॅडम म्हणाल्या, "छान बोललात."

पडदा राहील हे त्यांनी कुणाला विचारून सांगितलं, ते त्यांनीच मला सांगावं.