मोहित्यांचा पाय आणि पढिनचं कातडं

गेंदालालच्या जखमेवर मी चार दिवसांपूर्वीची फिल्म ठेवली आणि ती जुळेना. जखम आखलेल्या रेघेच्या आत चांगली बोटभर सरकली होती. मला वाटलं, पाकीट चुकलं. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'गेंदालाल, डावी पोटरी'. समोर गेंदालाल होता आणि पोटरीही डावीच होती.

फिल्मचं आधी सांगते. जखम भरते आहे की नाही, हे रोज पाहणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून मी जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन पारदर्शक करून घेत असे. स्पिरिटनं पुसून फिल्म जखमेवर धरायची आणि शाईनं कड आखायची. दर चार दिवसांनी नवी कड. डॉक्टर भटनागर याला माझी खोड म्हणायचे.

मी तेव्हा परदेशीपुऱ्यातल्या एका कापड मिलच्या दवाखान्यात सिस्टर होते. मध्यप्रदेश होऊन दोनेक वर्षं झाली होती. रजिस्टरांवर अजून 'मध्यभारत' छापलेलं होतं, आणि मी दर पानावर ते खोडून नवं नाव लिहीत असे.

गेंदालालबरोबर आणखी एक जण भाजला होता, शंकरराव मोहिते. दोघंही सायझिंग खात्यातले. सायझिंग म्हणजे विणायच्या आधी सुताला खळ लावून कडक करणं. खळ मोठ्या कढईत वाफेवर शिजते. त्या दिवशी कढईचा व्हॉल्व्ह सुटला आणि उकळती खळ दोघांच्या पायांवर आली. उकळतं पाणी निदान वाहून जातं. खळ चिकटून बसते आणि भाजतच राहते.

एकच कढई, एकच दिवस, एकच मलम, पट्टी करणारे हातही एकच. गेंदालालची जखम लाल आणि दाणेदार दिसत होती. आम्ही याला ग्रॅन्युलेशन म्हणतो. खालून नवं मांस धरू लागल्याची ती खूण. मोहित्यांच्या जखमेवर मात्र करडा थर होता आणि कड तिळभर हलली नव्हती.

डॉक्टर खूश झाले.

"एक्सलंट! हे नव्या मलमाचं काम आहे, सिस्टर. कंपनीला आज लेटर लिहितो."

"सर, मग मोहित्यांना का लागू पडत नाही?"

"एज, सिस्टर."

"दोघं बेचाळीसचे आहेत सर. रजिस्टरमध्ये आहे."

"तो फिर कॉन्स्टिट्यूशन."

कारण सापडलं नाही की डॉक्टर कॉन्स्टिट्यूशन म्हणायचे.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. ठरलेल्या रजेनंतर फिटनेस मिळाला नाही, तर मिल कायम कामगाराचं नाव काढून टाकी आणि बदलीवाला त्याच्या जागेवर कायम होई. दोघांची तारीख एकच होती, पुढच्या महिन्याची पहिली. मोहित्यांची अठरा वर्षांची नोकरी होती, घरात पाच माणसं होती आणि त्यांच्या जागेवरचा बदलीवाला रोज दवाखान्याच्या दारातून "कसं काय, दादा?" असं फारच प्रेमानं विचारून जायचा.

मी यादी केली. दोघांची लघवी तपासली. बेनेडिक्टचं निळं औषध उकळून निळंच राहिलं, म्हणजे साखर नाही. जेवण विचारलं. दोघांकडे ज्वारी-मक्याची भाकरी. तंबाखू दोघंही खात होते. झोप, ताप, पाणी, पायात काय घालतात, सगळं विचारलं आणि एकेक ओळ खोडली. यादी संपली आणि मी होते तिथेच होते.

मग गाठ दिसली.

मी पट्टीची गाठ बाहेरच्या बाजूला मारते आणि टोकं आत खोचते. गेंदालालची गाठ बाहेरच होती, पण टोकं मोकळी होती. त्या दिवशी पट्टी बांधून झाल्यावर मी तिच्या वेढ्यांवरून शाईची एक आडवी रेघ ओढली. दोन दिवसांनी तो आला तेव्हा रेघेचे पाच तुकडे पाच ठिकाणी होते.

"गेंदालाल, पट्टी कोणी सोडली होती?"

"किसी ने नहीं, सिस्टरबाई. आपके हाथ में जस है."

"माझ्या हाताला मासळीचा वास येत नाही."

तो खाली बघू लागला. बाकावर पाय पसरून बसलेले मोहिते म्हणाले, "क्यों भिया, सिस्टरबाईंना टोपी घालतो का रे?"

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कस्तुरीबाई स्वतःच आली. बिलावली तलावावर जाळं टाकणाऱ्या कहारांच्या घरातली. ती माफी मागायला आली असेल असं मला वाटलं होतं. तिनं पदराखालून एक झाकलेली कटोरी काढून टेबलावर ठेवली.

"आपकी दवा फेंकी नहीं है. पोंछ के रखी है. चाहो तो तौल लो."

कटोरीत खरंच मलम होतं. दोन आठवड्यांचं.

"मग जखमेवर काय लावलंस?"

"पढिन की खाल."

पढिन हा तळ्यातला मोठा, मिशांचा मासा. त्याला खवले नसतात. कातडं गुळगुळीत आणि अंगावर बुळबुळीत थर. जाळ्यानं हात कापला, काटा रुतला, भाजलं, की यांच्याकडे ताज्या पढिनचं कातडं आतल्या बाजूनं जखमेवर बांधतात. रोज नवं. तिच्या सासूनं केलं, सासूच्या सासूनं केलं. आमच्या पट्टीनं जखम कोरडी पडून ओढते, म्हणून तिनं ती घरी सोडली आणि दवाखान्याच्या दिवशी पुन्हा तशीच बांधली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"आप बामन हो. पट्टी ही नहीं करते फिर."

मी कटोरी उचलून डॉक्टरांकडे गेले.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कंपनीचं लेटर टाईप होऊन सहीसाठी पडलं होतं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"सिस्टर, मी काही ऐकलेलं नाही. माशाच्या कातड्यात काय असतं, मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, त्या बाईलाही माहीत नाही. एका माणसाचा पाय भरला म्हणजे काही सिद्ध होत नाही."

"आणि मोहिते, सर?"

"एक आठवडा बघू. नाही तर मोठ्या हॉस्पिटलला ग्राफ्टिंगसाठी पाठवू."

ग्राफ्टिंग म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावणं. काम चांगलं होतं, पण त्यात दोन महिने जातात. मोहित्यांना दोन महिन्यांचा अर्थ बरोबर कळला. पट्टीच्या टेबलावर चढताच ते म्हणाले, "सिस्टरबाई, मला पण लावा ते कातडं."

"परवा तर म्हणत होता, पणजोबांनी होळकरांच्या फौजेत तलवारीचे घाव झेलले, मी काय मासळी बांधून फिरू?"

"ते बोलण्यापुरतं होतं. मला एक तारखेला खात्यात जायचंय. पणजोबांना काही फिटनेस लागत नव्हता."

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सेप्सिस झालं तर रजिस्टरमध्ये सही तुमची असेल." त्याला मी परवानगी समजले. तशी ती नव्हती, पण नकारही नव्हता.

कस्तुरीबाईनं सकाळी बादलीत जिवंत मासा आणला. तो मागच्या ओट्यावर कापून, कातडं सोलून तिनं मला दिलं आणि घरी गेली. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. पण तक्रार वासाची नव्हती. उघड्या जखमेवर तळ्यातली वस्तू ठेवायची, आणि तीही तशीच? वीस वर्षं मी एक गोष्ट शिकले आणि शिकवली होती. जखमेला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. म्हणून ते कातडं मी स्टरिलायझरमध्ये घातलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं उकळलं.

ते आक्रसलं, मऊ झालं, चिमट्याला चिकटू लागलं. मी कसंबसं पसरून जखमेवर ठेवलं, वर गॉझ, वर पट्टी. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघेना. सगळं वाळून पुठ्ठ्यासारखं झालं होतं. सलाईननं अर्धा तास भिजवलं. तरी सोडवताना कडेचं जे थोडं नवं कातडं धरलं होतं तेही निघून आलं. मोहिते ओरडले. रक्त थांबवल्यावर मी फिल्म ठेवली. जखम पहिल्या रेघेच्या बाहेर गेली होती.

मला काही कळेना. मासा तोच होता, बाईही तीच. मी तर तिच्यापेक्षा जास्त काळजी घेतली होती. एक तारखेला अकरा दिवस होते.

मोहिते घाम पुसत त्या पुठ्ठ्याकडे बघत होते. त्यांनी तो हातात घेतला, वाकवला, नखानं वाजवला.

"हे उकळलं होतं का?"

"अर्थात. वीस मिनिटं."

"अहो सिस्टरबाई, कातडं उकळलं तर सरस होणार ना! सुताराकडचा सरस कशाचा असतो? आम्ही खळीत घालतो की तो, सूत कडक व्हायला." दुखत असतानाही त्यांना हसू आलं. "तुम्ही तर माझ्या पायाची सायझिंग करून टाकली."

संध्याकाळी घरी जाताना मी वाट वाकडी करून कस्तुरीबाईला गाठलं. तिनं ऐकून कपाळाला हात लावला.

"उबाल दिया? फिर तो सालन बन गया, सिस्टरबाई. नमक-मिर्च भी डाल देतीं."

त्या कातड्यात जे काही होतं, ते मी माझ्या हातानं शिजवून मारलं होतं. काय होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. तिच्याकडून मग मी ते शिकले, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मासा जिवंतच हवा. कातडं अंगठ्याएवढं जास्त कापायचं, कारण ते आकसतं. आतली बाजू जखमेकडे. दिवसभरात काढायचं, वास बदलला तर आधीच. उकळायचं नाही हे तिनं सांगितलं नाही. असं कोणी करेल हे तिच्या डोक्यातच आलं नसतं.

माझ्याकडून मी एवढंच धरलं. मिठाचं पाणी उकळून गार करायचं आणि कातडं त्यात तीनदा धुवायचं. तिला हे पसंत नव्हतं, मला ते पुरेसं वाटत नव्हतं. दोघींची नाराजी सारखी झाल्यावर आम्ही सुरुवात केली.

पाचव्या दिवशी करडा थर सुटला. आठव्या दिवशी खाली लाल दाणे दिसले. नवव्या दिवशी फिल्म ठेवली तेव्हा जखम सगळ्यात आतल्या रेघेच्याही आत आली होती. मी फिल्म तीनदा पुसून तीनदा ठेवली.

एक तारखेला दोघांना 'हलक्या कामासाठी फिट' मिळालं. मोहिते लंगडत खात्यात गेले. बदलीवाल्यानं दारात पुन्हा "कसं काय, दादा?" विचारलं, पण आधीइतक्या प्रेमानं नाही.

मी समाधानानं मोहित्यांचं पान पूर्ण करायला बसले. इंजेक्शनचं रजिस्टर वेगळं असतं आणि ते कंपाउंडर संध्याकाळच्या पाळीत भरतो. सहज ताळा करायला उघडलं. त्यात शंकरराव मोहित्यांच्या नावावर ओळीनं आठ दिवस पेनिसिलिन होतं. ज्या दिवशी मी न उकळलेलं कातडं लावलं, त्याच संध्याकाळपासून.

मी डॉक्टरांकडे गेले.

"सर, तुम्ही पेनिसिलिन सुरू केलंत आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही मासा सुरू केलात आणि मी ऐकलं नाही. म्हणून सुरू केलं." ते सही करत राहिले. "पाय वाचला ना, सिस्टर?"

मोहित्यांना विचारलं. ते म्हणाले, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. वर त्यांनी आणखी सांगितलं की त्याच आठवड्यात बायकोनं त्यांचा पाय उशीवर उंच ठेवून खाटेला बांधला होता, दवाखान्याच्या फेऱ्या सोडल्या तर उठूच दिलं नव्हतं. पाय उंच ठेवला की सूज उतरते आणि जखम भरते, हे मी स्वतः त्यांना दोन आठवडे सांगत होते. बायकोचं मत विचारलं तर ती खजराण्याच्या गणपतीला नारळ फोडून आली होती आणि तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

गेंदालालच्या पायाला पेनिसिलिन नव्हतं. तो भरला होता. पण एकच पाय, आणि तो पडून किती राहिला हे मी कधी नीट विचारलं नव्हतं. तेवढी एक ओळ माझ्या यादीत नव्हती.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या आणि निवृत्त होईपर्यंत पाळल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि शेजारच्या टेबलावर कोण काय बदलतं आहे ते रोज विचारायचं. दुसरी अशी, की कोणी आपली रीत सांगितली तर ती पूर्ण पाहिल्याशिवाय त्यात सुधारणा करायची नाही.

'उपचार' या रकान्यात मी सगळं लिहिलं. उकळलेलं कातडं, अपाय, चूक माझी. न उकळलेलं कातडं. पेनिसिलिन. पाय उंच. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'जखम भरली. कशामुळे, ते सांगता येत नाही.'

वर्षअखेर रजिस्टरं तपासायला मिलचे साहेब आले. त्यांनी त्या शेऱ्याखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'अस्पष्ट'.

मी खाली 'मान्य' लिहून सही केली.