पावसाची बाटली

धूर सरहद्द मानत नाही, म्हणून आपल्या आणि शेजारच्या देशांच्या सरकारांनी आम्लपाऊस एकाच पद्धतीनं मोजायचं ठरवलं होतं. त्यासाठी आमच्या वरच्या मजल्यावरचे सरकारी गृहस्थ बिबवेवाडीतल्या गच्चीवर पावसाचं पाणी बाटलीत धरत. मोबाइलची रेंज शोधत आयटीतली पोरं आली, की खेकसत, "अहो, बाटलीवर वाकू नका! घामाचा थेंब पडला तरी पाणी बिघडतं."

त्यांच्या बायकोला वैकुंठ स्मशानात पोचवून आम्ही आलो, त्या संध्याकाळी पाऊस लागला. ते उठले आणि बाटलीचं झाकण काढायला वर गेले.

पाऊस थांबल्यावर मी गच्चीवर गेलो, तर ते भरलेली बाटली ओतून देत होते.

"अहो, तपासायला पाठवायची नाही का?"

"नाही. आज मीच वाकलो होतो."