पिवळी रेघ

पगारे काका घराला कुलूप लावायचे आणि मग येऊन आमची बेल वाजवायचे. मी कणकेच्या हातांनी दार उघडलं की म्हणायचे, "मॅडम, जरा आमचं कुलूप ओढून बघता का?" पहिल्यांदा मला वाटलं, यांचा हात दुखावला असेल. मी जाऊन ओढलं, "लागलंय" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि पुष्पाकाकूंना घेऊन लग्नाला गेले. हे वरचेवर व्हायला लागल्यावर मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, कुलूप तुम्हीच लावलंत ना? मग ते लागलंय की नाही हे तुम्हाला माहीत नाही का?" ते शांतपणे म्हणाले, "मी लावलं म्हणून तर मला म्हाईत नाय. करणाऱ्याला आपलं केलेलं नीटच दिसतं."

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमची रो-हाउसेस भिंतीला भिंत लावून. काका ओझरला विमानांच्या कारखान्यात पत्रे जोडायच्या कामावर होते, तिथूनच निवृत्त झाले. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं, हा कामावरचा नियम त्यांनी घरी आणला आणि तो सगळीकडे लावला. गॅसच्या रेग्युलेटरला लावला, टाकीच्या झाकणाला लावला, वरणातल्या मिठालाही लावला. "लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या हातचं मीठ माझ्या शब्दावर खाल्लेलं नाही," असं पुष्पाकाकू म्हणायच्या. मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाईने गोल करण्यात माझा जन्म गेलेला. त्यामुळे काकांच्या लेखी मी फार कामाची शेजारीण होते.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. काकांनी भंगारवाल्याकडून एक जुनीपुराणी अँबॅसिडर आणली. तिला चाकं नव्हती आणि टेम्पोतून उतरवताना तिच्या मागच्या सीटमधून उंदीर पळाला. घराशेजारच्या मोकळ्या पट्ट्यात पत्र्याची शेड उभी राहिली आणि काकांनी जाहीर केलं की हिची आपण ड्रॅग रेसची गाडी करणार. ते काय असतं, मी विचारलं. सरळ रस्ता, पाव मैल, दोन गाड्या शेजारी शेजारी, जी आधी पोचली ती जिंकली. वळण नाही, काही नाही.

"किती वेळ चालतं हे?"

"पंधरा-सोळा सेकंद."

"आणि गाडी तयार व्हायला?"

"बघू," काका म्हणाले. पुष्पाकाकू कपाळाला हात लावून आत निघून गेल्या.

मी त्यांची भरपूर थट्टा केली. शेडमध्ये डोकावून रोज विचारायचे, "काय, आज टपरीपर्यंत तरी जाणार का?" ते कधी चिडले नाहीत. एकदाच हातातला पत्रा खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, उभा जन्म विमानं बांधली. बांधून ढकलत दाराबाहेर नेली. उडवली दुसऱ्यांनी. मी विमानात बसलोबी नाय कधी. एक वस्तू मी बांधणार आन् मीच जोरात पळवणार. एकदा पळाली की बास." त्यानंतर मी थट्टा कमी केली. बंद केली असं म्हणणार नाही.

इंजिनाचं काम रफिकभाईंकडे होतं. त्यांचं जुन्या नाशकात लेथचं दुकान. ट्रकची इंजिनं उघडण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते आणि तोंडात सदैव बडीशेप असायची. दुपारची नमाज आटोपून स्कूटरवर यायचे. शेडच्या दारातून ते "जय भीम, पगारे" म्हणायचे, काका "सलाम, सलाम" म्हणत स्टूल पुढे सरकवायचे, आणि मग दोघं मनसोक्त भांडायला बसायचे. रफिकभाईंना घाई. "अरे पगारे, मैयत के बाद चलाएगा क्या?" काकांचं उत्तर ठरलेलं. "गाडी लवकर व्हायला नको, बरोबर व्हायला पायजे."

काम करायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. काका नट आवळायचे. आवळून झालं की उठून बाजूला व्हायचे. मग रफिकभाई त्याच नटाला पुन्हा पाना लावायचे. तो पाना खास होता, पुरेसा जोर लागला की 'टक्' असा आवाज करणारा. टक् ऐकू आलं की रफिकभाई बारीक ब्रशने नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पिवळी रेघ ओढायचे. पुढे कधी नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते, विमानातही असंच करतात. इंजिनावर उलटं व्हायचं, आवळायचे रफिकभाई आणि रेघ ओढायचे काका. मी माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरताना भिंतीपलीकडून ते टक् ऐकायचे. ज्या दुपारी ते ऐकू यायचं नाही त्या दुपारी समजायचं, आज नुसतंच भांडण चाललंय.

अशी वर्षं गेली. अँबॅसिडर ओळखू येईनाशी झाली. पुढचा बोजा कमी केलेला, आत एकच सीट, मागे रुंद चाकं. आणि तेवढ्यातच मधुमेहाने रफिकभाईंच्या किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. अंगावरचं मांस उतरलं, स्कूटर सुटली. इंजिन तोवर पूर्ण झालं होतं. राहिलं होतं स्टिअरिंग आणि ब्रेक, आणि ते काम काकांचं होतं, म्हणजे तपासणार रफिकभाई. "दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या," मी काकांना म्हटलं. "ती गाडी दोघांची हाय," ते म्हणाले. "तिसऱ्याचा हात कशाला?"

चांदवडजवळ एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातल्या सरळ रस्त्यावर काही हौशी मंडळी वर्षातून एकदा अशी शर्यत भरवतात. ती जवळ आली. पुढच्या वर्षी रफिकभाई नसतील हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि ते सर्वांत स्पष्ट रफिकभाईंना दिसत होतं. काका त्यांना रिक्षातून शेडमध्ये घेऊन आले. खाली सतरंजी अंथरली. मी चहा घेऊन गेले तर रफिकभाई गाडीखाली आडवे झाले होते आणि काका नेहमीसारखे बाजूला उभे होते.

रफिकभाईंनी पहिल्या नटाला पाना लावला. मी आवाजाची वाट बघत राहिले. पाना नटावर नुसता टेकलेला होता, तो ओढायची ताकद त्यांच्या हातात उरलीच नव्हती. टक् झालं नाही. थोडं थांबून त्यांनी ब्रश मागितला आणि पिवळी रेघ ओढली. मग दुसरा नट. पुन्हा तसंच. स्टिअरिंगचे सगळे, ब्रेकचे सगळे. शेडमध्ये एकदाही आवाज झाला नाही. काका दर वेळी ब्रश रंगात बुडवून त्यांच्या हातात देत होते. शेवटची रेघ थोडी वाकडी गेली तर रफिकभाई "सॉरी" म्हणाले. काका म्हणाले, "चांगली हाय."

रिक्षा गेल्यावर मी म्हटलं, "काका, आवाज आला नाही." ते म्हणाले, "तुम्हाला कमी ऐकू येतं मॅडम." इतक्या वर्षांच्या शेजारात ते माझ्याशी एवढं तुटक कधीच बोलले नव्हते. मी कप उचलले आणि घरी आले.

शर्यतीच्या दिवशी मला बरोबर नेलं. पुष्पाकाकू मुलीकडे नगरला गेल्या होत्या, आणि काकांचं म्हणणं, कोणीतरी बघणारं पाहिजे. गाडी टेम्पोवर चढवली आणि आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. काकांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. ओझर मागे पडलं तेव्हा त्यांनी खिडकीतून एरवी बघायचे तसं कारखान्याच्या दिशेने बघितलंदेखील नाही.

तिथे धूळ होती, लाउडस्पीकर होता, तरुण पोरांच्या चकचकीत गाड्या होत्या. आमची अँबॅसिडर उतरवल्यावर लोक जमून तिच्याकडे कौतुकाने बघायला लागले. काकांनी इंजिन चालू करून दाखवलं. तो आवाज छातीत जाणवला, आणि मला त्या क्षणी खरोखर वाटलं की ही पळणार. मग शर्यतीआधीची तपासणी करणारा माणूस आला. तरुण होता, पण अदबीने बोलणारा. पुढच्या चाकाशी उकिडवा बसून म्हणाला, "वा काका, रेघासुद्धा ओढल्यात." आणि त्याने खिशातून पाना काढला.

काकांनी त्याचं मनगट धरलं. "रेघ दिसती ना? मग बास."

"दिसतेय. पण स्टिअरिंगचे नट मला हाताने बघावे लागतात. त्याशिवाय गाडी सोडता येत नाही."

"त्या नटांना हात नाय लावायचा."

"अहो काका, नट घट्ट असेल तर रेघ तुटणारच नाही."

"आन् तुटली तर?"

त्या माणसाला काही कळेना. मला कळलं. नट काकांनीच आवळले होते आणि ते कच्चं काम करणाऱ्यांपैकी नव्हते. पण एक जरी रेघ तुटली असती तर रफिकभाईंनी शेवटची तपासणी खोटी केली, हे चारचौघांत उघडं पडलं असतं. काकांनी हेल्मेट सीटवर ठेवलं आणि टेम्पोवाल्याला गाडी परत चढवायला सांगितली. लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं जात होतं, तेव्हा ते गाडीला दोर बांधत होते.

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "त्या पोराचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीबी पाना लावल्याबिगर सोडली नसती." मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

रफिकभाईंकडे जायलाच हवं होतं. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, दाराकडे डोळे लावून. चेहरा सुजलेला. आम्हाला बघून सुनेला म्हणाले, पाणी दे, आणि काकांना विचारलं, "पळाली?"

"पळाली," काका म्हणाले.

त्यांना खोटं बोलताना मी प्रथमच ऐकत होते, आणि ते ओळखू येत होतं. सुनेने विचारलं, व्हिडिओ काढलात का? रफिकभाईंनी हातानेच तिला गप्प केलं. "व्हिडिओत काय कळतं?" मग काकांकडे बघून म्हणाले, "पगारे, तू नको सांगू. ज्याने चालवली त्याने नाही सांगायचं, तुझाच कायदा आहे. मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही बघितली?"

काका जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "बघितली. पळाली."

"सुटताना सरळ गेली?"

गाडीतलं मला काय कळतं? पण मुलांचे निबंध तपासून एवढं नक्की कळलेलं आहे की अगदी बिनचूक काही असलं की तपासणाऱ्याला शंका येते. मी म्हटलं, "थोडी डावीकडे ओढली."

रफिकभाईंचा चेहरा उजळला. ते काकांच्या गुडघ्यावर हळूच चापट मारून म्हणाले, "ओढणारच. मी बोलत होतो ना, डावी स्प्रिंग नरम आहे. तू ऐकतच नव्हता." काका म्हणाले, "चुकलं माझं." मग रफिकभाईंनी डोळे मिटले आणि आम्ही उठलो. खाली गल्लीत येऊन काका टेम्पोच्या फळीला धरून रडले. टेम्पोवाला चहा प्यायला म्हणून दूर जाऊन उभा राहिला.

रफिकभाई त्याच आठवड्यात गेले. काकांनी खांदा दिला, माती दिली आणि घरी येऊन शेडचं दार ओढून घेतलं. गाडी ते अधूनमधून पुसायचे, पण पाना पुन्हा हातात घेतला नाही. कॉलनीतलं कोणी ना कोणी विचारायचं, काका, पळाली का हो ही कधी? हो म्हणणं त्यांना जमत नव्हतं आणि नाही म्हटलं तर रफिकभाईंना सांगितलेलं खोटं ठरत होतं. ते म्हणायचे, "ते मॅडमला इचारा." माणसं हसायची आणि निघून जायची. विचारायला माझ्याकडे कधी कोणी आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले. संध्याकाळी पुष्पाकाकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी नव्हते. नंतर किती वेळा विचारलं, तर म्हणायचे, मॅडमला विचार. मला भीती वाटायची, म्हणून नाही विचारलं. आता सांगा. त्यांची गाडी पळाली होती?"

"पळाली होती," मी म्हटलं. "सुटताना थोडी डावीकडे ओढली."