अर्गीरिसची गोटी

ग्रीसमधल्या आमच्या वोलोसच्या बाजारात सगळ्या दुकानांना कॉफी पोचवायचा तो अर्गीरिस. उताण्या तळहातावर ट्रे, ट्रेवर काठोकाठ भरलेले कप. बायको नाही, पोर नाही. जे काही होतं ते कॉफीखान्यातलं हे कामच. त्याच्या कपावरचा फेस वाटेत कधी फुटायचा नाही. फेस फुटला की आमच्याकडे लोक तोंड वाकडं करून कप परत पाठवतात. शेजारीच माझं बटणांचं दुकान. परत पाठवण्यात मी सगळ्यांच्या पुढे.

कॉफीखान्याच्या मालकिणीची मुलगी मिर्तो कॉलेजात शिकते. तिने मोबाइलवर एक खेळ तयार करून आणला. मोबाइल तिरका केला की पडद्यावरची गोटी घरंगळते. ती भोकात पाडायची. मासळीवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना जमलं. अर्गीरिसची गोटी जागची हलेना.

"काका, तिरका करा ना."

"करतोय की."

"कुठे करताय? हात सरळच आहे तुमचा."

"तो वाकडा झाला तर तुझी आई मला हाकलून देईल, बाई."

आम्ही पोट धरधरून हसलो.

पुढच्या ईस्टरला मिर्तो सुट्टीला आली, तोवर त्याच्या हाताला कंप सुटला होता. फेस फुटलेली, बशीत सांडलेली कॉफी अख्खा बाजार निमूट पीत होता. मीसुद्धा, आणि माझी जीभ काही गोड नाही.

मिर्तोला हे कुठलं ठाऊक? तिने गमतीने पुन्हा मोबाइल त्याच्या तळहातावर ठेवला. गोटी थरथरली, घरंगळली आणि भोकात पडली.

"जिंकलात की काका," म्हणत तिने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणी वाजवल्या नाहीत.

अर्गीरिसने आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सकाळची कॉफी कशी होती?"

"छान होती."

"फेस?"

"होता की."

"तू आपली बटणं विक. खोटं बोलणं तुला जमत नाही."

मला रडू आवरेना. त्याने मोबाइल मिर्तोला परत दिला.

"आईला विचार, कप धुवायला तरी ठेवते का मला."

तिची आई गल्ल्यापाशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. फळीवरच्या पातळ चिनी मातीच्या कपांकडे तिची नजर गेली.