कोरं कार्ड

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. दादा होता तोवर बोललो नाही, आणि आता तो नाही तरी तोंड उघडत नाही — म्हणून लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो, म्हणजे मधेच उठून जाता येणार नाही.

आधी यंत्राबद्दल सांगतो. तिथून सुरुवात करणं सोपं आहे — हेही सांगून टाकतो.

माझ्याकडे तळहाताएवढा एक संगणक आहे. चष्म्याच्या घरासारखा उघडतो, आत बारीक कळा, आणि लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, नारायण पेठेत दोन खोल्यांत एकटा राहतो, आणि जुने शब्दकोश वाचणं एवढाच मला नाद. त्या यंत्रात साठवायला जागा कमी आणि काम करायला मेमरी त्याहून कमी. मोठा कोश उघडला की ते अडकून बसायचं. त्यावर उपाय असतो. आत मेमरी कार्ड घालायचं, त्याचा मोठा भाग साठवणीला द्यायचा आणि एक तुकडा यंत्राला जादा मेमरी म्हणून तोडून द्यायचा. यंत्राच्या डोक्यात मावत नाही ते मग त्या तुकड्यावर ठेवलं जातं. हे करायला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात. त्या मला येत होत्या. येतात याचा मला गर्व होता — दुसरा शब्द शोधून काय उपयोग?

आता दादा. माझा थोरला भाऊ. हडपसरला राहायचा, तिकडच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. फोन उचलला की, "बोला, ऐकायचे पैसे पडत नाहीत." पाहुणे उठायचं नाव घेईनात तर आत वहिनींना हाक मारून, "अगं, यांच्या अंथरुणाचं बघ!" सगळे हसायचे, पाहुणेसुद्धा. मी घरातला मुका. माझ्या वाटचंही तोच बोलायचा. मग त्याचा आवाज बसला, बसलेला उठेना, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस तो दुपारी दार लावून एकटाच बोलत बसायचा. रेकॉर्डर माझा होता. त्यातलं कार्डही मीच आणलं होतं — एकाच दुकानातून, एकाच वेळी दोन घेतली होती, एक त्याच्यासाठी, एक माझ्या यंत्रासाठी. दोन्ही काळी, सारखी. त्याला बोलून ठेवायचं होतं ते मुक्तासाठी. मुक्ता त्याची मुलगी, तेव्हा इंजिनिअरिंगला होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने ते कार्ड माझ्या हातावर ठेवलं. आवाज घोगरा झाला होता, तरी म्हणाला, "कॉपी काढून ठेव. आणि ऐकू नकोस. तुझ्यासाठी काही नाही त्यात. तुझ्यासाठी बोलण्यातच माझा घसा गेला."

कार्ड चालतंय ना, एवढं बघायला मी पहिलं वाक्य ऐकलं आणि बंद केलं.

कॉपी ग्रंथालयातल्या कुठल्याही संगणकावर काढता आली असती. मग मी ती माझ्याच यंत्रावर काढायला का बसलो? यंत्रात जागा नव्हती, म्हणजे आधी माझं नवं कार्ड घालून जागा वाढवायची, जमल्यास मेमरीही वाढवायची, मग कॉपी. इतकी आडवाट कशाला? कारण दादाचं काम माझ्या हातून, माझ्या विद्येने व्हावं असं मला वाटत होतं.

यंत्राला दोन खाचा आहेत. एकीत नवं कार्ड, एकीत दादाचं. यंत्र कार्डांना नावं देतं ती ज्या क्रमाने ती त्याला सापडतात त्या क्रमाने. एरवी कुठलंही कार्ड घातलं तरी ते एकटंच असायचं, त्याला मिळणारं नाव बोटांना पाठ होतं. त्या दिवशी दादाचं आधी सापडलं आणि ते नाव दादाच्या कार्डाला गेलं. मी बघितलं नाही. कार्ड नव्याने आखून त्याचे तुकडे पाडायची आज्ञा दिली आणि तीत पाठ असलेलं नाव लिहिलं. यंत्र पुन्हा विचारत नाही — सांगितलं ते करतं.

ही चूक होती. इथवर नुसती चूक होती. इथे थांबलो तर तुम्ही मला समजून घ्याल — म्हणूनच थांबत नाही.

अशा वेळी कार्डावरचं सगळं जात नाही. सुरुवातीचा भाग जातो, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखा. आतली पानं तशीच असतात, फक्त कुठे काय ते सांगणारं काही उरत नाही. हे मला ठाऊक होतं. ती पानं शोधून काढून देणारी माणसं पुण्यात आहेत, हेही ठाऊक होतं. मी कार्ड काढलं आणि कपाटात, चष्म्याच्या जुन्या घरात ठेवलं. दादाला न कळवता ते नेता आलं असतं. का नेलं नाही? तो दुकानदार विचारेल, हे असं कुणी केलं? एका अनोळखी माणसापुढे अडाणी ठरायचं मला जमलं नाही. बस, एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं.

दादा घरी आला तो पाटी घेऊन. मुक्ताची लहानपणची पाटी वहिनींनी माळ्यावरून काढली होती. मी भेटायला गेलो तर त्याने लिहिलं, "मुक्ताला ऐकवलंस?"

मी म्हणालो, "दादा, कार्ड कोरं आहे रे. बटण नीट दाबलं गेलं नसणार."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं, "दिवा लागायचा."

मी म्हणालो, "रेकॉर्डर नुसता चालू असला तरी तो लागतो."

हे खोटं आहे. आवाज भरला जात असेल तरच तो दिवा लागतो. दादाला त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं, मला कळत होतं, आणि माझं ज्ञान मी असं वापरलं. त्याने पाटी पुसली. रिकामी मांडीवर धरली. मग लिहिलं, "माझंच गाढवपण." वहिनी त्याला हसवायला म्हणाल्या, "अहो, जन्मभर बिनबटणाचं बोललात, सवय कुठली असायला?" तो हसला. तोंड हसलं, आवाज नव्हता.

जिन्यात मुक्ताने गाठलं. "काका, ते कार्ड द्याल मला? आमचा एक सिनिअर आहे, तो डिलीट झालेलंही रिकव्हर करतो. काही नसेल तर नसेल. एकदा बघू तर द्या ना."

मी म्हणालो, "उद्या आणतो."

विचार करा — ती मला दार उघडून देत होती. तिच्या सिनिअरने पानं काढली असती, दादाचा आवाज परत आला असता. पण त्याच वेळी कळलं असतं की कार्ड कोरं नव्हतं, आणि त्यावर माझ्या यंत्राची खूण आहे. दोन्ही एकदम झालं असतं. एक ठेवून दुसरं टाळता येत नव्हतं. मी निवड केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात माझ्या टेबलावर यंत्र उघडलं आणि दादाचं कार्ड घातलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे शून्यं लिहायची, अशी एक आज्ञा असते. या वेळी मी कार्डाचं नाव तपासलं. दोनदा तपासलं.

हे सांगायचं होतं. चुकीतून जेवढं वाचलं होतं, तेवढं मी जाणूनबुजून पुसलं.

ते हळूहळू पुसतं. किती झालं याचा आकडा पडद्यावर वाढत राहतो. मधे थांबवता येतं — थांबवलं असतं तर पुढचं राहिलं असतं. अर्धं, पाव, शेवटची काही वाक्यं. एक मुलगी पुस्तक घेऊन आली. "सर, हे परत इश्यू होईल का? परीक्षा आहे हो." मी म्हणालो, होईल. तारखेचा शिक्का मारला. ती गेल्यावर पुन्हा आकडा बघत बसलो. हात मोकळे होते.

मुक्ताने नंतर कार्ड परत आणून दिलं. हसत होती. "तुम्ही म्हणालात तेच खरं, काका. सिनिअर म्हणाला, इतकं कोरं कार्ड त्याने बघितलंच नव्हतं."

दादा त्यानंतर बरीच वर्षं जगला. त्याला एक सवय लागली. लिफ्टचं, मिक्सरचं, टीव्हीचं, कुठलंही बटण दाबलं की तो वाकून बघायचा, लागलं का. पुन्हा दाबायचा. घरात त्यावरून त्याची चेष्टा व्हायची. तोही स्वतःकडे बोट दाखवून मान हलवायचा. मी समोर असायचो.

यंदा तो गेला. तेराव्याला कुणीतरी विचारलं, त्यांचा आवाज असेल ना कुठे? लोकांच्या फोनमधले दोन-तीन व्हिडिओ निघाले. एकात लग्नातल्या गर्दीत तो "पंखा लावा रे" म्हणतो, तेवढंच नीट ऐकू येतं. मुक्ता म्हणाली, "बाबा माझ्यासाठी बोलून ठेवणार होते. बोललेही. फक्त बटण दाबायचं राहिलं." डोळे पुसता पुसता सगळे हसले. मीही हसलो.

ते कार्ड माझ्या यंत्रात आहे. मुक्ताने परत दिल्यावर मी ते वापरायला घेतलं. त्याचा एक तुकडा मेमरीला दिला आहे, बाकी साठवणीला. मोठा कोश आता न अडकता उघडतो.

आणि एक वाक्य माझ्या कानात आहे. ते मुक्ताचं आहे, तिने ऐकलेलं नाही. आवाज घोगरा, पण दादाचाच, दटावणारा:

"मुक्ते, आधी दार लावून घे. मग ऐक."